मैदानाकडे पाठ

देवासचा संघ बेसबॉलची लीग जिंकला, तेव्हा सत्काराच्या स्टेजवर एकोणीस जणांना नारळ मिळाला. पाण्याच्या टँकरवाल्याला मिळाला. माइकवाल्याला मिळाला. संघाच्या मालकसाहेबांच्या मेव्हण्याला दोनदा मिळाला, कारण तो दोन वेगवेगळ्या बाजूंनी स्टेजवर चढला. बाबूकाका जीनगरांना मिळाला नाही. त्या वेळी ते स्टेजपासून साठेक पावलांवर, कडुलिंबाखाली, स्टेजकडे पाठ करून बसले होते आणि एका ग्लव्हचा अंगठा शिवत होते.

यात निषेध वगैरे काही नव्हता. निषेध हे माझं खातं. काका सगळ्याच गोष्टींकडे पाठ करून बसायचे. त्यांचं म्हणणं, उजेड खांद्यावरून हातावर पडला पाहिजे, समोरून आला तर तो डोळ्यांत जातो आणि टाका तिरका पडतो. कडुलिंब मैदानाच्या कडेला होता आणि संध्याकाळचं ऊन मैदानावरून यायचं. म्हणून काका पाठमोरे. ज्या संघाचे चेंडू आणि ग्लव्ह त्यांनी पूर्ण हंगाम शिवले, त्याचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. पाहत नव्हते, पण आम्हां सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळायचं. ते पुढे सांगते.

आधी या संघाचं. बेसबॉल म्हणजे ज्यांना क्रिकेटमध्ये कुणी घेत नाही त्यांचा खेळ, असं देवासमध्ये बरीच वर्षं समजलं जायचं. मग प्लास्टिकचे पाइप करणाऱ्या एका शेठना अमेरिकेत कुणीतरी सामना दाखवला आणि ते परत आले ते खेळाडूंना पगार द्यायचा निश्चय करून. माळव्यातल्या सहा गावांचे सहा पगारी संघ झाले. आमच्या संघाचं नाव ‘देवास दमदार’. पहिल्या पाचांपैकी चार सामने हे दमदार हरले.

खेळायचे तलावामागच्या मैदानावर. हे मैदान ज्या समितीच्या ताब्यात होतं तिला ते मॅरिज गार्डनला द्यायचं होतं. देवासमध्ये माणसं कमी आणि मॅरिज गार्डनं जास्त अशी वेळ आलेली असूनही समितीला गावाच्या लग्नांची काळजी लागली होती. मी पत्रकं काढली. समितीच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि म्हणाले, “बेटा, इन लडकों का खेल कोई देखता है क्या? एक बार चॅम्पियन बनके दिखाओ, मैदान तुम्हारा.” लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, “जबान है हमारी.” म्हणजे अकरा पगारी आणि चार बिनपगारी पोरांनी लीग जिंकायची, तरच मैदान राहणार. चार सामने हरलेल्या पोरांनी.

काकांची माझी ओळख त्या पत्रकांमुळे. काकांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर खोगिरं शिवत दख्खनेतून इथे आले. फौज गेली, घोडे गेले, संस्थानं गेली, आणि काकांच्या घरात भिंतीला एक खोगीर तेवढं राहिलं. त्या खोगिराचा घोडा काकांच्या वडिलांनीही पाहिला नव्हता. काकांनी शाळेची दप्तरं शिवली, मग टेम्पोच्या सीटा शिवल्या, आणि एक दिवस संघाचा कॅचर फाटका ग्लव्ह घेऊन त्यांच्याकडे गेला. काकांनी ग्लव्ह उलटासुलटा केला आणि विचारलं, “हे कुठल्या जनावराचं खोगीर?” दुसऱ्या दिवसापासून ते सुई-आरी घेऊन कडुलिंबाखाली आले.

मी पत्रक पुढे केलं.

“काय छापलंयस?”

“मैदान वाचवायचंय काका. मॅरिज गार्डन करतायत.”

काकांनी पत्रक वाचलं नाही. अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं. कोपरा फाडला, जिभेला लावला, परत चोळला.

“अजून आहेत?”

“किती देऊ?”

“आहेत तेवढी ठेव.”

देवासमध्ये माझं पत्रक लोक घडी घालून खिशात ठेवतात, म्हणजे पुढच्या नालीपर्यंत नेतात. पूर्ण गठ्ठा मागणारा हा पहिला माणूस. मी घरी जाऊन सांगितलं की शेवटी कष्टकऱ्यालाच कळतं. त्यानंतर दर पत्रकाचा अर्धा गठ्ठा काकांकडे. ते गल्लीगल्लीत वाटत असतील असं मी धरून चालले. त्यांनीही कधी वेगळं सांगितलं नाही. मला पाहिलं की म्हणायचे, “आला छापखाना. बस.”

एकदा मी विचारलं, काका, वाचलंत का हो कालचं? म्हणाले, “हिंदी आम्ही वाचत नाही. कचेरीतली मोडी बंद झाली तेव्हापासून आमच्या घरात वाचणंच बंद आहे.” मोडी बंद झाली तेव्हा काकांचा जन्म व्हायचा होता. पण हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की वाद घालायला जागाच नसे. हे सगळं मी मराठीत लिहायला घेतलंय तेही यामुळेच. माझी सगळी पत्रकं हिंदीत, आणि काकांनी त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

आता त्यांच्या कानाचं. बेसबॉलचा चेंडू म्हणजे आत रबराची गोळी, तिच्यावर लोकरीच्या दोऱ्याची वेटोळी, वर पांढरं कातडं आणि लाल दोऱ्याचे एकशे आठ टाके. काकांनी पहिला चेंडू हातात घेतला तेव्हा टाके मोजले आणि आकडा पाहून त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, “कुणी का केला असेना, माणूस सोवळ्यातला होता.” आमच्या मैदानाची मुरमाड जमीन चेंडू सोलून काढायची. लीग दर सामन्याला नवे मोहरबंद चेंडू द्यायची, पण ते सामन्यापुरते. सरावाला फाटकेच. काका ते उसवायचे, आतला दोरा सैल झाला असेल तर भर घालायचे, कातडं ओलं करून ताणायचे आणि पुन्हा एकशे आठ. त्यांचा टाका कारखान्याच्या टाक्यापेक्षा जरा उठावाचा होता. खोगिराचा हात, तो जायचा कुठे.

आणि हे चेंडू ते कानाने तपासायचे. पोरं सराव करताहेत, काका पाठमोरे शिवताहेत. कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसला की कारखान्याचा आवाज यायचा कोरडा, चटाक. काकांच्या चेंडूचा यायचा जरा जड, ढप्प. फेकणाऱ्याचा खांदा दुखत असला तरी त्यांना ऐकू यायचं. एकदा पाठीमागे न बघता ओरडले, “अरे त्या कैलासला बसवा. हात ओढतोय तो.” कोच म्हणाले, काका, आप सिलाई करो. चार दिवसांनी कैलासचा हात वर होईना, तेव्हा कोच कडुलिंबाखाली येऊन उकिडवे बसले. काकांनी त्यांना दोरा धरायला दिला.

हा कैलास आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. नालछ्याचा. नालछा धार जिल्ह्यात, म्हणजे न्यायाने तो धारच्या संघात हवा. पण धारवाल्यांनी त्याला चाचणीच्या दिवशी बूट नाहीत म्हणून परत पाठवला होता. धारचा संघ शिस्तीचा. त्यांना हात बघायचा नव्हता, बूट बघायचे होते. कैलास काकांच्या चेंडूवर जीव टाकायचा. बोटं उठावाच्या टाक्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, “काका, यो म्हारा हाथ में बराबर बेठे हे. कंपनीवालो तो फिसले.”

काका म्हणायचे, “फिसलतो त्याच्यावरच शीक. सामन्यात मी नसतो.”

पोरगा शिकला. सहाव्या सामन्यापासून दमदार जिंकायला लागले आणि गावाला एकाएकी आठवलं की बेसबॉल हा आपला जुना खेळ आहे. जे लोक मला पत्रक वाटताना पाहून रस्ता ओलांडायचे ते टोप्या घालून मैदानावर दिसू लागले. आमच्या मराठी मंडळींना तर इतका उमाळा आला की त्यांनी काकांचा सत्कार ठेवला: ‘आपल्या कारागिरांचा गौरव’. आपले हा शब्द तेव्हा पहिल्यांदा वापरला गेला. याच मंडळींच्या गणपतीत काकांचा मुक्काम आजवर चपलांच्या बाजूला असायचा. प्रमुख पाहुण्यांनी काकांना शाल पांघरली. काकांनी ती अंगावरून काढली, पदर बोटांत धरून चोळला, आणि माइक समोर होताच, त्यात म्हणाले, “ही लोकर नाही.”

काकांनी शाल पाहुण्यांपुढे धरली.

“नायलॉन आहे. चेंडूत चालायचं नाही. लोकरीची असेल तर बघा.”

पाहुणे हसले, मग सगळे हसले. काका हसले नाहीत. ते खरंच बदलून मिळेल म्हणून उभे होते. उतरताना मला म्हणाले, “गेल्या साली एका शिक्षकाच्या सत्काराची शाल मिळाली होती. अस्सल. चार चेंडू निघाले तिच्यात.”

अंतिम सामना आला तो दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. समोर धार. मैदान आमचं, म्हणून लीगची मोहरबंद पेटी आमच्याकडे आली आणि इथेच ती गोष्ट झाली जी फक्त आमच्याकडेच होऊ शकते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. काकांच्या घरात त्या दिवशी खोगीर, आऱ्या, सुया मांडतात. या वर्षी काकांनी ठरवलं की संघाची हत्यारंही मांडायची. कडुलिंबाखाली पाट, पाटावर बॅटी, ग्लव्ह, हेल्मेटं. मालकसाहेब स्वतः आले आणि म्हणाले, मॅच के बॉल भी रखो भिया, असली तो वही हैं. पेटीची मोहर फोडली. नियमात मोहर सामन्याच्या सकाळी फोडायची असते, पण देवीपुढे नियम काढणार कोण? मीही नाही काढला. प्रसाद खात होते.

आता पाटावर नवे चेंडू पांढरेशुभ्र आणि शेजारी काकांचे सरावाचे मळके. काकांना ते बरं वाटेना. देवापुढे मळकं ठेवायचं नाही. त्यांनी आपले चेंडू ओल्या फडक्याने पुसले, खडू लावून चकचकीत केले आणि ओळीत ठेवले. हळद-कुंकू वाहिलं. लीगचा शिक्का सगळ्यांवरच होता, कारण सरावाचे म्हणजे जुन्या सामन्यांचेच. पूजा झाल्यावर चेंडू पुन्हा पुसून पेटीत भरले ते काकांनी. स्वतःच्या हाताने.

सामना मी पूर्ण सांगत नाही, मला तो नीट समजतही नाही. शेवटची, नववी इनिंग. धार फलंदाजीला. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा एक जण घरी, म्हणजे धाव घ्यायला, पळायला टपलेला. समोरच्याचे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला तो बाद. कैलासने अजून एक चांगली फेक टाकली की देवास चॅम्पियन आणि मैदान पोरांचं. अध्यक्ष पहिल्या रांगेत सोफ्यावर. आधीच्या फटक्यात चेंडू रेषेबाहेरून, धाव न देता, भिंतीपलीकडे गेला म्हणून अंपायरने पेटीतून दुसरा काढला.

कैलासने चेंडू हातात फिरवला. जरा थांबला. मग फेकला. बॅट हवेत फिरली आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसला.

ढप्प.

मला तेव्हा ते ऐकूही आलं नाही. ढोल सुरू झाले, पोरं मैदानात धावली, मालकसाहेबांनी अध्यक्षांना मिठी मारली. मी कडुलिंबाकडे पाहिलं, काकांना सांगायला, आणि काका वळलेले होते. हंगामात पहिल्यांदा त्यांचं तोंड मैदानाकडे होतं. ते उठले, धोतराला लागलेला दोरा झटकला आणि चालू लागले.

मी आडवी गेले आणि त्यांचा दंड धरला. कशाला चाललेत ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. “काका, बसा.”

“चेंडू माझा आहे.”

“माहीत आहे. बसा. कुणाला कळलेलं नाही.”

“मला कळलंय ना.”

“काका, मैदान जाईल.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या शालीकडे पाहिलं होतं. दंड सोडवून घेतला. “पेटी मी भरली. टाका माझा आहे. बाजूला हो.”

मी बाजूला झाले. सत्य, न्याय, जबाबदारी या विषयांवर माझी तोपर्यंत नऊ पत्रकं निघाली होती.

काका अंपायरसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. अंपायर इंदूरचा. त्याला वाटलं म्हातारा आशीर्वाद द्यायला आलाय. काकांनी चेंडू घेतला, नखाने टाका उचलून दाखवला. टाक्याच्या फटीत कुंकू होतं. “मरम्मत का है. मेरी गलती से पेटी में गया.” दुरुस्त केलेल्या चेंडूने झालेली फेक रद्द, हा लीगचा नियम. अंपायरने हात हलवले. ढोल एकेक करून थांबले.

गाव काकांना जे बोललं ते मी छापू शकत नाही, आणि मी बरंच छापते. मालकसाहेबांचा मेव्हणा म्हणाला, “किसकी तरफ से हो काका, धार से कितना मिला?” काका त्याला म्हणाले, “तुमचा जोडा उसवलाय. उद्या घेऊन या.” आणि परत कडुलिंबाखाली जाऊन पाठ करून बसले.

कैलासने पुन्हा फेक टाकली, कंपनीच्या चेंडूने. समोरच्याने ती दणकून मारली, तिसऱ्या बेसवरचा घरी आला, धावा सारख्या. पुढचा बाद झाला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. मग आमची पाळी, आणि आम्ही कसे जिंकलो? कुणी षटकार मारला नाही. धारचा पिचर घाबरला. सगळे बेस भरलेले असताना त्याने चार फेकी बाहेर टाकल्या, आणि अशा वेळी नियमाने एक धाव फुकट मिळते. आमचा फलंदाज बॅट खांद्यावर ठेवून उभा राहिला आणि चॅम्पियन झाला. पेपरात दुसऱ्या दिवशी ‘ऐतिहासिक पराक्रम’ आला.

आनंदाच्या त्या गर्दीत कैलास माझ्याजवळ आला, तोंड उतरलेलं. “दीदी, म्हारे मालूम थो. हाथ में आयो ने मालूम पडी गयो थो.” मग कडुलिंबाकडे पाहून म्हणाला, “काका ने कीजो मत.” काकांना सांगायची गरज नव्हती. जो माणूस खांद्याचं दुखणं ऐकू शकतो त्याला, पोरगा फेकण्याआधी जरा थांबला, हेही ऐकू आलं असणार.

सत्कार तिसऱ्या दिवशी, त्याच मैदानावर. स्टेजचे खांब रोवायला सगळ्यांत भुसभुशीत जागा कुठली? पिचरसाठी पोरांनी माती आणून जो उंचवटा केला होता, ती. तिथेच चार खड्डे घेतले. अध्यक्षांनी जाहीर केलं की दिलेला शब्द ते पाळतात, मैदान खेळाडूंचंच राहील, लग्नाच्या तिथी सोडून. टाळ्या पडल्या. देवासमध्ये लग्नाच्या तिथी किती असतात हे ज्याला माहीत नाही त्याने टाळी वाजवावी. मालकसाहेबांनी जाहीर केलं की कैलासने ज्या चेंडूने तो तिसरा स्ट्राइक टाकला, तो कुंकवाचा ऐतिहासिक चेंडू ते काचेच्या पेटीत ठेवणार. रद्द झालेला का होईना, फोटो चांगला आला होता. मेव्हण्याला चेंडू आणायला पाठवलं.

मी त्याच्या आधी पोचले. काकांनी अंगठ्याचा ग्लव्ह बाजूला ठेवला होता आणि चेंडू गुडघ्यात धरून उसवत होते. एक टाका, दोन टाके, लाल दोरा न तोडता बोटाला गुंडाळत.

“काका, तो काचेत ठेवणार आहेत.”

“ठेवायला काय आहे त्यात? आवाज जड येतो. कुठे चुकलं ते बघायला नको?”

कातडं सुटलं. आत लोकरीची वेटोळी, एका शिक्षकाच्या सत्काराची. लोकर सुटली तसं खाली कागद आला. खळीत भिजवून, पट्ट्या पट्ट्या करून गोळीभोवती घट्ट आवळलेला, कवटीसारखा कडक. काकांनी आरीच्या टोकाने एक पट्टी सोडवली आणि उजेडाकडे धरली. शाई फुटलेली होती, पण अक्षरं मी ओळखली. ‘…दान हमारा’. आधीचं ‘मै’ फाटलेलं.

पूर्ण हंगामातले माझे गठ्ठे. मैदानावरच्या रोजच्या सरावात, सगळ्या पोरांच्या हातांतून गेलेले. गावात कुठेच पोचले नव्हते आणि कैलासच्या हातून धारच्या बॅटखालून सुटून ग्लव्हमध्ये जाऊन बसले होते.

मेव्हणा स्टेजकडून येताना दिसत होता, एक जोडा फटक फटक वाजवत.

“काका, हे तुम्ही वाटलं नाहीत?”

“वाटायचं कशाला?” काकांनी पट्टी चोळली, तिचा भुगा झाला. तो त्यांनी फुंकून टाकला. “भर म्हणून चांगला होता. पण ओल धरतो, म्हणून आवाज बसतो.”

मार्गशीर्षात पहिलं लग्न लागलं आणि मैदानाला फाटक बसलं. कडुलिंबाखाली जनरेटर आला. काका लेकीकडे हाटपिपल्याला गेले आणि उन्हाळ्यात तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्काराच्या दिवशी. मागे माइकवर कुणीतरी सगळ्यांचे आभार मानत होतं, मेव्हणा चेंडू कुठे म्हणून विचारत होता, आणि काका खांद्यावरून येणाऱ्या उजेडात गोळीवर नवा दोरा गुंडाळायला घेत होते. मान वर न करता मला म्हणाले,

“लग्नाच्या तिथींचं पत्रक काढशीलच तू आता. जाड कागद घे.”